पाऊण तासाचे संग्रहालय

आपल्या महाविद्यालयाची सहल मुंबईला निघाली की वेळापत्रक जवळजवळ ठरलेलेच असते. सकाळी गेटवे, मग म्युझियम, मग जेवण, संध्याकाळी चौपाटी. म्युझियमच्या वाट्याला येतो पाऊण तास. आणि त्या पाऊण तासातली दहा मिनिटे हजेरी मोजण्यात जातात. परत आल्यावर मी वर्गात विचारते, "काय पाहिलंत?" उत्तर येते, "तलवारी पाहिल्या, मॅडम." कुणी म्हणतो, "पेंढा भरलेले पक्षी." त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः याच महाविद्यालयात तृतीय वर्षाला होते, तेव्हा तीन दिवस मुंबईत राहून पहिल्या दिवशी यापेक्षा फारसे निराळे काही केले नव्हते. ती हकीकत आणि तिच्यातून चित्रे-शिल्पे पाहण्याविषयी मला जे थोडेफार समजले, ते येथे मांडते. पुढच्या सहलीला जाणाऱ्यांना उपयोग झाला तर बरेच.

गोष्ट २०१९ च्या फेब्रुवारीतली. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात येतो. पण वसंतपंचमी माघातच होऊन जाते, आणि मुंबईच्या चित्रजगताचा वसंत म्हणाल तर तोही माघ-फाल्गुनातलाच. थंडी सरते आहे, उकाडा अजून अंगावर आलेला नाही, हवेतला दमटपणा त्यातल्या त्यात कमी. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगतो, कॅनव्हास सैल पडतो, बुरशी धरते. म्हणून चित्रांची ने-आण करायला आणि ती पाहायला हे दिवस सोयीचे. १९९९ पासून भरणारा काळा घोडा परिसरातला कलामहोत्सवही तेव्हा फेब्रुवारीत भरत असे. आम्ही गेलो तेव्हा तो आटोपला होता आणि गर्दी ओसरली होती, हे आमचे भाग्यच.

आम्ही म्हणजे मी आणि माझे मामा. मामा माध्यमिक शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवावीत, गॅदरिंगचे पडदे रंगवावेत, सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात, असे त्यांचे आयुष्य गेले. मला 'भारतीय कलेचा इतिहास' या विषयावर चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. मामांना बरोबर घेतले ते सोबत म्हणून. मार्गदर्शक म्हणून नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शनिवारी सकाळी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. पूर्वीचे हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. पण पहिल्या महायुद्धात तिचे लष्करी रुग्णालय झाले आणि लोकांसाठी संग्रहालय उघडले ते १९२२ मध्ये. एवढे मी आधीच वाचून आले होते. माझ्या हातात दोनशे पानी वही होती. प्रत्येक वस्तूखालची पाटी मी उतरून घेत होते : नाव, स्थळ, शतक, माध्यम. भराभर पुढे जात होते. तास-दीड तासात अठरा पाने भरली आणि मला मोठी कृतकृत्यता वाटली.

मामा मात्र शिल्पांच्या दालनातच राहिले होते. परत येऊन पाहते तो ऐहोळ्याहून आणलेल्या ब्रह्मदेवाच्या मोठ्या शिळेसमोर ते मान वाकडी करून उभे. मी म्हटले, "मामा, चला ना, अजून वरचे मजले राहिलेत." ते म्हणाले, "थांब गं. हा दगड उभ्यानं बघायचा नव्हे. हा मान वर करून बघायचा. बघ, चारी बाजूंनी सारखाच भरलाय." मी वही उघडून पाहिली. पाटीवरून मीच उतरून घेतले होते : देवळाच्या छतातील शिल्प, सातव्या शतकाचा सुमार. माझ्या वहीत ते होते. माझ्या डोळ्यांना मात्र ते दिसले नव्हते. मामांनी पाटी वाचलीच नव्हती.

यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. ही शिळा घडवणाऱ्याने ती अंधाऱ्या मंडपाच्या माथ्यावर बसणार हे धरूनच छिन्नी चालवली असणार. मंडपात उजेड येतो दारातून. तो फरशीवर पडतो आणि तिथून उसळून छतावर जातो. म्हणजे मूर्तीला उजेड मिळतो तो पाहणाऱ्याच्या पायांकडून. मऊ आणि दिवसाच्या प्रहराप्रमाणे हलणारा. दालनात तीच शिळा भिंतीशी उभी आहे आणि तिच्यावर दिवा पडतो वरून. नाकाची, भुवयांची, ओठांची सावली मुळात जिकडे पडायची तिच्या उलट पडते. मूर्ती तीच, पण चेहरा बदलतो. याचा अर्थ संग्रहालयाने चूक केली असा नाही. छताला टांगून ठेवली असती तर आपण तिच्यापासून पंधरा हात खालीच राहिलो असतो. आता ती डोळ्यांसमोर आहे, हा लाभही मोठा. मुद्दा इतकाच की, संग्रहालयातली प्रत्येक वस्तू तिच्या घरून उठवून आणलेली असते. ती घरी कशी पाहिली जात असेल, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय तिच्यासमोरून हलू नये.

हाच प्रश्न वरच्या मजल्यावरच्या लघुचित्रांना विचारला की आणखी गंमत होते. आपण त्यांना भिंतीवरची चित्रे समजतो. ती भिंतीवरची नाहीतच. अकबराच्या काळातल्या 'अन्वार-इ-सुहैली' या हस्तलिखिताची पाने या संग्रहालयात आहेत. ती पोथीची पाने आहेत. मांडीवर किंवा हातात घेऊन, वीतभर अंतरावरून, एका वेळी एकाने किंवा फार तर दोघांनी पाहायची ही चित्रे. कागदावर कागद चिकटवून जाड पुठ्ठा करायचा, तो अकीकाच्या गोट्याने घोटून गुळगुळीत करायचा, आणि मग खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने पापण्या काढायच्या. ज्याने पापणी काढली तो ती दिसावी म्हणूनच काढतो. तीन हातांवरून हात मागे बांधून पाहिले तर रंगीत चौकोन दिसतो, दुसरे काही नाही. मामांना लांबचा चष्मा आहे. त्यांनी तो काढला, खिशात ठेवला आणि काचेला नाक लागेल इतके पुढे झाले. पहारेकरी धावत आला : "काका, मागे." मामा मागे झाले, पहारेकरी वळला की पुन्हा पुढे. असे तीन-चारदा झाल्यावर त्या भल्या माणसाने, काचेला हात लावायचा नाही या अटीवर, त्यांचा नाद सोडला.

या दालनातला उजेड अगदी मंद. शेजारच्या एका गृहस्थांनी "वीज वाचवतात वाटतं" असा शेरा मारला, आणि त्या वेळी मलाही तसेच वाटले होते. पण कारण वेगळे आहे. उजेडाने रंग उडतो आणि कागद ठिसूळ होतो. आणि हे नुकसान साठत जाते, भरून निघत नाही. चित्राला अंधारात विश्रांती दिली तर पुढचा ऱ्हास थांबतो, झालेला परत येत नाही. म्हणून कागद, कापड, जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू देऊ नये, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालेल, असा संग्रहालयांचा दंडक आहे. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो, म्हणजे कल्पना येईल. उन्हातून दालनात शिरल्यावर डोळे सरावायला पाच-सात मिनिटे लागतात. तेवढा वेळ बाकावर नुसते बसावे. आपल्या सहलीत नेमका एवढाच वेळ या दालनाला मिळतो. म्हणजे डोळे उघडायच्या सुमारास आपण बाहेर!

रात्री गिरगावातल्या नातलगांकडे जेवणे झाली. मी वही काढून मामांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवू लागले. त्यांनी दोन पाने ऐकली आणि विचारले, "त्या शेवटच्या चित्रातल्या झाडाचा हिरवा कसा होता?"

मी पान उलटले. शैली होती, शतक होते, संग्रहाचे नाव होते. हिरवा नव्हता.

"हिरवा दोन तऱ्हेचा होता," मामा म्हणाले. "एक पानांचा, निळीत पिवळा मिसळल्यासारखा. आणि एक अंगरख्याचा, जंगालासारखा. त्या अंगरख्याच्या कडेला कागद तपकिरी पडलाय." त्यांनी ते सहज सांगितले, पण मला रात्रभर झोप आली नाही. पुढे वाचनात आले की, नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा करण्याची रीत जुन्या चित्रकारांत होतीच. आणि जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा, कालांतराने खालचा कागद खातो. एखाद्या जुन्या चित्रात हिरव्याच्या जागीच कागद करपल्यासारखा होऊन तुटलेला दिसतो, तो त्यामुळे. माझ्या निबंधात घालण्याजोगी खरी गोष्ट ही होती आणि माझ्या अठरा पानांत ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीतच ठेवायची असे ठरवून निघाले. समोरच्याच चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मूळचा सर कावसजी जहांगीर हॉल; १९११ चा, तोही विटेटचाच. सभा-संगीतासाठी बांधलेल्या या वास्तूत १९९६ मध्ये चित्रे आली. अर्धगोल सज्जे, जिन्यामागून जिना, आणि शेवटी घुमटाखालचे दालन. त्या दिवसांत तिथे प्रभाकर बरवे यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते.

बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, काही वर्षे वाराणसीला होते, आणि १९९५ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांत काय असते? एक पान. एक घड्याळ. एखादा ढग, एखादा शिंपला. ओळखीच्याच वस्तू, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत, मोकळ्या अवकाशात आपापल्या ठिकाणी थांबलेल्या असतात. कथा नाही, प्रसंग नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला सवय असते ती आशय शोधण्याची. मी पहिल्या सज्ज्यावरच अस्वस्थ झाले. मामांना विचारले, "याचा अर्थ काय?"

"मला नाही कळत," मामा म्हणाले.

हे उत्तर मला आवडले नाही. आदल्या दिवशीचे मामा कुठे गेले असे वाटले. पण ते चित्रासमोरून हलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "हा एनॅमल आहे. आपण पाट्यांना लावतो तोच, डब्यातला. पण कुंचल्याची रेघ बघ कुठं दिसते का. एनॅमल ओघळतो, कड धरत नाही. पाटीच्या अक्षराची कड सांभाळताना आमचा जीव जायचा. यानं एवढी मोठी सपाट जागा केलीये आणि मधे पान ठेवलंय. त्या पानाला सावली दिलेली नाही. दिली असती तर ते कशावर तरी पडलं असतं."

या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. सावली दिली असती तर ते कशावर तरी पडले असते. म्हणजे त्या चित्रातली मोकळी जागा ही भिंत नाही, टेबल नाही, आकाशही नाही. मग ती काय आहे? अर्थाचा प्रश्न मी दारावर धक्के मारून विचारत होते. मामा रंगाच्या डब्यापासून निघाले आणि त्याच दाराशी माझ्या आधी पोचले. बरवे यांनी औद्योगिक एनॅमल रंग चित्रासाठी वापरले ही त्यांच्या कलेतली महत्त्वाची बाब मानली जाते, हे मला नंतर समजले. मामांना मात्र ते पाट्या रंगवण्याच्या अनुभवावरून समजले. आधुनिक चित्र 'कळत नाही' असे म्हणणाऱ्यांनी अर्थावरून सुरुवात न करता ते कशाने आणि कसे केले आहे यावरून करून पाहावी, असे मी तेव्हापासून सांगत आले आहे. सगळ्यांना पटते असे नाही. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे मत असे की, हा कारागिरीचा विचार झाला, कलेचा नव्हे. मला तो भेद तितका सरळ वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर. बरवे यांनी मराठीत 'कोरा कॅनव्हास' नावाचे पुस्तक लिहिले. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकाराने चित्राच्या घडणीविषयी, रिकाम्या जागेविषयी, वस्तू आणि आकार यांविषयी आपल्या भाषेत केलेला असा विचार मराठीत फार नाही. मुंबईहून परतल्यावर मी ते आपल्या ग्रंथालयातून काढले. मागच्या कार्डावर एकही शिक्का नव्हता. आम्ही मराठीचे लोक कवितेतल्या प्रतिमांवर तासन्‌तास बोलतो, आणि प्रतिमा म्हणजे काय हे ज्याने रंग हातात घेऊन सांगितले त्याचे पुस्तक कपाटात न उघडता राहते. असो.

दुपारी आम्ही जहांगीर कलादालनाकडे वळलो. रस्ता ओलांडला आणि मामा बाहेरच्या फूटपाथवर चित्रे मांडून बसलेल्यांपाशी रेंगाळले. मी दाराशी गेले, ते येईनात. मग हलकेच म्हणाले, "तिकीट किती आहे, विचारून ये." मी म्हटले, "इथं तिकीट नसतंच, मामा." ते काही बोलले नाहीत. आत शिरल्यावर, बऱ्याच वेळाने, त्यांनी सांगितले ते असे. १९७६ साली ते जे. जे.चा प्रवेशअर्ज घेऊन मुंबईला आले होते. एक दुपार मोकळी होती म्हणून जहांगीरपर्यंत आले. बाहेर उभे राहिले. आत जाणारे लोक पाहिले. तिकीट असेल असे वाटले, कुणाला विचारायचा धीर झाला नाही. आणि ते परत गेले. जे. जे.ला प्रवेश मिळाला नाही तो वेगळ्या कारणांनी. पण हे दालन १९५२ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिथे प्रवेशमूल्य नाही, हे त्यांना त्रेचाळीस वर्षांनी माझ्याकडून कळत होते. मी काही बोलू शकले नाही. आपण मुलांना सहलीत या दारावरून नेतो तेव्हा बसमधून बोट दाखवतो, "हे जहांगीर." उतरून आत शिरा, फुकट आहे, कुणी काही विचारत नाही, एवढे वाक्य पुरे झाले असते.

संग्रहालय आणि असे कलादालन यांत एक मोठा फरक आहे. संग्रहालयात चित्रकार बहुधा हयात नसतो; इथे तो कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो. जहांगीरला प्रदर्शन एक आठवड्याचे, मंगळवार ते सोमवार. त्या आठवड्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. त्या दिवशी एका दालनात विदर्भातून आलेले एक चित्रकार होते. पन्नाशीचे असतील. भिंतीवर वीस-बावीस तैलचित्रे, टेबलावर किमतींची यादी आणि अभिप्रायाची वही. रविवार असूनही त्या वेळी दालनात आम्ही दोघेच. मी दहा मिनिटांत फेरी मारली, ते आपल्याकडे पाहत आहेत याचा संकोच वाटला, आणि वहीत एक शब्द लिहिला : "छान." खाली सही. त्यांनी वाकून वाचले आणि "धन्यवाद" म्हणाले. मामा मात्र त्यांच्याशी सुरीने रंग लावण्याविषयी बोलत अर्धा तास उभे होते. निघताना ते चित्रकार दारापर्यंत पोचवायला आले. मला नव्हे, मामांना.

सोमवारी सकाळी भायखळ्याला गेलो. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतले सर्वांत जुने. १८७२ मध्ये उघडले, १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले, आणि डागडुजीनंतर २००८ पासून ते पुन्हा झळकू लागले. आतल्या सोनेरी-हिरव्या खांबांचे, मातीच्या छोट्या प्रतिकृतींचे वर्णन करत बसत नाही. बाहेरच्या हत्तीविषयी सांगते. घारापुरीच्या बेटावर हा दगडी हत्ती होता. त्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्यासाठी उचलायला गेले, तेव्हा यारीची साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथल्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये सांधून पुन्हा उभे केले. जवळ गेले की सांधे दिसतात. ऐहोळ्याच्या ब्रह्मदेवाविषयी मी जे म्हटले ते हा हत्ती अंगावर वागवत उभा आहे. शाळेची मुले त्याच्यापाशी फोटो काढत होती. मामांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली, सांधे मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

आमची गाडी रात्रीची होती. दुपारभर तो एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना. तो आठवडा त्या माणसाने किती वर्षे वाट पाहून मिळवला होता! भायखळ्याहून मी मामांना म्हटले, "आपण पुन्हा जहांगीरला जाऊ या का? आज त्यांचा शेवटचा दिवस आहे." मामा म्हणाले, "चल."

साडेपाचच्या सुमारास पोचलो. दालनात पाच-सहा माणसे होती. या खेपेला मी सगळी चित्रे पाहिली नाहीत. एकापाशीच उभी राहिले : उन्हाळ्यातल्या कोरड्या तळ्याचे चित्र होते. आधी लांबून पाहिले. तेव्हा तळ्याच्या तळाची भेगाळलेली माती दिसली. जवळ गेले, तशी माती नाहीशी झाली आणि सुरीने ओढलेले तपकिरी, जांभळे, मळकट गुलाबी पट्टे उरले. पुन्हा मागे आले. नेमक्या कोणत्या पावलावर रंगाची माती होते ते शोधत मागे-पुढे होत राहिले. सहावे पाऊल होते. मग टेबलापाशी जाऊन वही उघडली. माझ्या "छान"च्या खाली आणखी चार अभिप्राय आले होते, त्यांच्या खाली मी लिहिले : "तळ्याच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात, माती संपते तिथे, एक बोटभर हिरवा आहे. तो सहा पावलांवरून दिसत नाही, जवळ गेल्यावरच दिसतो. तो मुद्दाम ठेवला आहे का?"

चित्रकारांनी ते वाचले. चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्चीवरून उठत म्हणाले, "कुठं? दाखवा बरं." आणि आम्ही तिघे त्या चित्रापाशी गेलो.